ग्रोमेट आत्ताच, की तीन महिने थांबून?

भाचा चार वर्षांचा. टीव्हीचा आवाज वाढवतो, तिसऱ्या हाकेला ‘काय?’ म्हणतो. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलंय. डॉक्टरांनी ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, सुचवल्यापासून ताईचं ठरत नाही.

थांबण्याला खर्च फक्त पुन्हा तपासणीचा. बऱ्याच मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. सर्दीच्या गोळ्या, अँटिबायोटिक इथे उपयोगाची नाहीत. तोवर ऐकू कमीच येणार, म्हणून समोर बसून बोलायचं, शाळेत पहिला बाक मागायचा. (कानात गरम तेल नकोच, आजी कितीही म्हणोत.)

ग्रोमेटला पूर्ण भूल द्यावी लागते. काम पंधरा-वीस मिनिटांचं, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. ऐकू लगेच सुधारतं, इतकं की मिक्सरचा आवाजही मोठा वाटतो. नळी साधारण सहा महिने ते दीड वर्षात आपणच गळते, एखादे वेळी उशीवर बारीक मण्यासारखी सापडते. मधे कान वाहिला तर डॉक्टरांनी दिलेले थेंब बहुधा पुरतात. क्वचित पडद्याला भोक राहतं. नळी पडल्यावर पाणी पुन्हा साचूही शकतं.

पाणी पहिल्यांदाच सापडलंय, बोलणं वयाप्रमाणे आहे, तर थांबा. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, बोलणं मागे पडतंय, तर ग्रोमेट करून घ्या.