रात्रीचं जेवण आणि महिन्याचं सामान: ग्राहक पंचायत, स्टेशनची भाजी, पोळी-भाजी केंद्र (डोंबिवलीतला वर्षभराचा अनुभव)

मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आम्ही नाव घातलं, त्याला आता वर्ष होत आलं. ओळखीतले लोक पहिल्यांदा विचारतात, "किती वाचतात महिन्याला?" पैसे वाचतात, त्यात शंका नाही. पण आमच्या घरात जास्त फरक पडला तो रात्रीच्या जेवणात. सामान कुठून आणि कधी भरायचं हे एकदा पक्कं झालं आणि रोज संध्याकाळचा "आज काय करायचं?" हा प्रश्न जवळजवळ संपला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही घरी चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि नववीतला मुलगा. माझं ऑफिस फोर्टला, त्यामुळे डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. नवरा ठाण्यात नोकरीला, तो माझ्याआधी येतो आणि कुकर तोच लावतो. सासूबाईंना आता गॅससमोर फार वेळ उभं राहवत नाही, पण निवडणं, भिजवणं, मोड आणणं हे खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे. पूर्वी आम्ही संपेल तसं मागवायचो. फोनवर बघून अर्धा किलो डाळ, पाव किलो शेंगदाणे, एक पोह्याचं पाकीट. घरात सगळं थोडं थोडं असायचं आणि एका पदार्थाला लागणारं सगळं एका वेळी कधीच नसायचं.

पंचायतीची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७५ च्या गुढीपाडव्याला ही संस्था सुरू झाली. बिंदूमाधव जोशी हे त्यामागचं मुख्य नाव, आणि सुरुवातीच्या मंडळींत संगीतकार सुधीर फडकेही होते. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. प्रत्येक कुटुंब आपली महिन्याची मागणी यादीवर भरून देतं. सगळ्या संघांची मागणी एकत्र झाली की संस्था घाऊक खरेदी करते आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सामान संघातल्या एका घरी उतरतं. तिथून आपापल्या यादीप्रमाणे ज्याचं त्याने न्यायचं. दुकान नाही, गल्ला नाही, नफा नाही. मालाची निवड आणि बाकीचं बरंचसं काम कार्यकर्ते करतात, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी आहे. मुंबई-ठाण्याबरोबर पालघर, रायगड, रत्नागिरी, पुण्याकडेही संघ आहेत.

वितरणाच्या दिवशी एखाद्याच्या हॉलमध्ये पोती, खोकी उतरतात आणि तासाभरात तो हॉल मोकळा होतो. एकजण यादी वाचतो, दुसरा मोजून देतो, मुलं साबणाचे गठ्ठे पोचवतात. आमच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याच्या दुखण्यामुळे खाली उतरत नाहीत, त्यांचं सामान माझा मुलगा वर नेतो. आपण विकत घेतलेल्या डाळीसाठी आपणच तासभर हातभार लावायचा, ही गोष्ट मला मनापासून पटली आहे. ज्याला हा तास जड वाटेल त्याने संघात येऊ नये, कारण मग तो भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो.

यादी आधी भरावी लागते, आणि घरातली शिस्त तिथूनच सुरू होते. पुढच्या महिन्यात किती पाहुणे, कोणते सण, मुलाची परीक्षा कधी, हे डोळ्यांसमोर ठेवून आकडे टाकायचे. आमचं गणित आता बसलं आहे. तांदूळ ८ किलो, तूरडाळ २ किलो, मूगडाळ १ किलो, मटकी, मूग, चवळी, काळे वाटाणे आलटून पालटून मिळून दीड किलो, तेल ३ लिटर. चौघांच्या घराला, रात्री एकदा भात होत असेल तर, एवढं पुरतं. पावसाळ्यात रवा आणि पोहे निम्मेच घेतो. रवा आला की भाजूनच डब्यात भरायचा, नाहीतर जाळी धरते. तूरडाळीला सासूबाई एरंडेलाचा हात लावून ठेवतात.

डब्यात नेहमी काय असणार हे माहीत असलं की आठवड्याचा ताल आपोआप बसतो. सोमवारी उसळ, कारण शनिवारी रात्री भिजवलेल्या कडधान्याला रविवारी मोड येतात. एक दिवस मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड. एक दिवस थालीपीठ आणि दही. एक दिवस आमटी-भात आणि सुकी भाजी. आणि एक दिवस कुळथाचं पिथलं-भात. या पिथल्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण उशिरा घरी येणाऱ्या माणसासाठी याच्यासारखं जेवण नाही. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, कांदा, हिरवी मिरची. त्यावर पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. उकळी आली की पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ घालून ढवळत राहायचं, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. भात शिजून कुकरची वाफ जिरेपर्यंत पिथलं तयार असतं. पीठ चांगलं भाजलेल्या कुळथाचं असेल तर घरभर वास सुटतो. आमचं पीठ सासूबाईंच्या माहेरून, कणकवलीकडून येतं. नसेल तेव्हा कोकणातला माल ठेवणाऱ्या दुकानातून घेते, पण पाकिटावरची दळल्याची तारीख बघूनच. जुन्या पिठाला कडवटपणा येतो.

तांदळाबद्दल एक मत. रोजच्या वरण-भाताला आम्ही कोलम वापरतो. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून ते नाव बऱ्याच पोत्यांवर दिसायला लागलं. खरा वाडा कोलम पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागातला, आणि तो स्वस्त नसतो. फारच कमी भावात कोणी देत असेल तर थोडा घेऊन शिजवून बघावा. खिचडीला आणि आजारी माणसाच्या मऊ भाताला मात्र आंबेमोहोरच. तो थोडा चिकट होतो, आणि तिथे तेच हवं असतं.

भाजी हा पूर्ण वेगळा विषय. भाजी महिन्याची भरता येत नाही आणि आठवड्याची भरली तर पालेभाजी तिसऱ्या दिवशी मान टाकते. म्हणून ती स्टेशनवरून घरी येतानाच घ्यायची. डोंबिवली पूर्वेला उतरलं की उर्सेकरवाडी, मधुबन गल्ली या बाजूला भाजीवाले बसतात. माल बहुतेक कल्याणच्या बाजार समितीतून येतो. मेथी, शेपू, कांद्याची पात यांचा भाव रात्री आठनंतर उतरतो, पण तोवर जुडीचा तजेलाही उतरलेला असतो. मी पालेभाजी संध्याकाळी घेते ती दुसऱ्या दिवसासाठी. रात्री निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली की दुसऱ्या दिवशी नवरा फोडणीला टाकू शकतो. मटार, घेवडा असं काही असेल तर लोकलच्या बायकांच्या डब्यात घाटकोपर ते मुंब्रा एवढ्या वेळात निवडून होतं. शेजारची अनोळखी बाईसुद्धा चार शेंगा हातात घेते.

निवडलेल्या आणि चिरलेल्या भाज्यांबद्दल माझं मत वर्षभरात पक्कं झालं आहे. सोललेल्या वालाच्या बिरड्या जरूर घ्याव्यात. वाल भिजवायचे, मोड आणायचे, पुन्हा गरम पाण्यात टाकून एकेक सोलायचा, यात दोन दिवस जातात. आमसूल, गूळ, खोबरं घालून केलेलं बिरडं कामाच्या दिवशी रात्री ताटात येतं ते बिरड्या सोलून विकणाऱ्या मावशींमुळे. सोललेला लसूण, निवडलेली मेथी हेही ठीक. पण आधीच चिरून ठेवलेला कोबी, फरसबी मी घेत नाही. चिरल्यावर किती वेळ झाला हे कळत नाही, आणि चिरलेली भाजी धुतली की चव पाण्याबरोबर जाते.

जूनच्या सुरुवातीला दोन-तीन आठवडे तरी इतर सगळं बाजूला ठेवून या गल्ल्यांत फिरावं. मुरबाड, बदलापूर, कर्जतच्या बाजूच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोळी. शेवळं घेताना त्यांच्याकडेच काकडं (लहान आंबट रानफळं) मागून घ्यायची, तीही त्याच टोपलीत असतात. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडांच्या रसात भाजी शिजवायची, नाहीतर घशाला खाज सुटते. आमच्याकडे हरभऱ्याची डाळ घालून करतात, ओळखीच्या सीकेपी घरी कोलंबी किंवा खिमा घालून. हे कोणत्याही मॉलमध्ये किंवा ॲपवर मला मिळालेलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. त्याच वर्षी एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर गर्दीचा विचार होणं बरोबरच आहे, रोज जिना उतरणाऱ्या मला ते समजतं. पण या बायकांना चालत्या वाटेवर, हक्काची, पावसात कोरडी राहणारी जागा मिळायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. त्यांच्याकडे दिवसाचा एकच भारा असतो आणि परतीची गाडी पकडायची असते.

पोळ्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. आठवड्यातले दोन दिवस आम्ही पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणतो. डोंबिवलीत अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत आणि सगळी सारखी नाहीत. चांगलं केंद्र ओळखायची माझी खूण म्हणजे संध्याकाळी सातला तिथे तवा चालू असतो. दुपारच्या पोळ्या रात्री गरम करून देणारी केंद्रंही आहेत, त्यांची पोळी घरी येईपर्यंत वातड होते. आपला डबा आणि फडकं घेऊन जावं, प्लास्टिकच्या पिशवीत गरम पोळीला घाम सुटतो. भाजी मात्र मी तिथून सहसा घेत नाही. तेल जास्त असतं आणि चव सगळ्या भाज्यांना एकच लागते. पुरणपोळी, उकडीचे मोदक सणाला आधी सांगून घ्यावेत, त्यात केंद्रातल्या बायकांचा हात खरोखर चांगला आहे.

दहा मिनिटांत आणून देणारी ॲप आम्ही सोडलेली नाहीत. दूध, पाव, अचानक लागलेलं दही, रात्री नऊला आठवलेली वहीसुद्धा त्यावर येते. पण वाणसामान त्यावर घ्यायचं नाही हे ठरवून टाकलं. लहान पाकिटं महाग पडतात आणि ते चटकन लक्षात येत नाही. त्यावर उपाय पाकिटावरच छापलेला असतो. एमआरपीशेजारी युनिट सेल प्राइस छापणं आता बंधनकारक आहे. पाकीट १ किलोपेक्षा लहान असेल तर ती दर ग्रॅमला असते, मोठं असेल तर दर किलोला. ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणलं की तुलना समोर येते. तेलाच्या पिशवीवर तर ग्रॅम बघितल्याशिवाय घेऊच नये. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तेवढ्याच दिसणाऱ्या पिशव्या ८५० किंवा ८०० ग्रॅमच्याही मिळतात. संघातल्या एका आजींनी मला हे पहिल्याच वितरणाच्या दिवशी दाखवलं होतं.

मोठ्या साखळी दुकानात आम्ही कपडे धुण्याची पावडर, झाडू, डबे यांसाठी तीन-चार महिन्यांतून एकदा जातो. रविवारची रांग आणि ट्रॉलीत यादीबाहेरच्या वस्तू पडणं, दोन्ही टळतं.

आता हे कोणाला जमेल? दोघंही नोकरी करणारे, घरी निदान तीन-चार माणसं, आणि महिन्याचा अंदाज बांधायची तयारी, अशा घराला नक्की. एकटं राहणाऱ्याला किंवा सारखा फिरतीवर असणाऱ्याला महिन्याचा साठा जड जाईल, त्याने ओळखीचा किराणा दुकानदार धरावा. ठराविक कंपनीचाच मसाला, ठराविकच चहा असा हट्ट असेल तर तेवढ्या वस्तू बाहेरून आणाव्या लागतील. आम्ही चहा आणि गोडा मसाला यादीत घालत नाही, मसाला उन्हाळ्यात घरीच होतो. शिवाय सामान ठेवायला जागा लागते. आमच्या स्वयंपाकघरात खालच्या कप्प्यातली मोठी पातेली माळ्यावर गेली, तेव्हा डबे मावले.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आपल्या जवळ संघ आहे का हे आधी बिल्डिंगमधल्या जुन्या रहिवाशांना विचारावं, डोंबिवली-ठाण्यात बहुतेकदा कोणीतरी सदस्य निघतंच. पहिल्या महिन्यात अंदाजाच्या निम्मीच यादी भरा. डाळ, तांदूळ, एक-दोन कडधान्यं आणि तेल एवढंच. महिना संपताना कोणता डबा कधी रिकामा झाला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दुसऱ्या महिन्याचे आकडे त्यावरून टाका. गणपतीच्या महिन्यात गूळ, खोबरं आणि तांदळाचं पीठ वाढवायला विसरू नका, आणि ती यादी श्रावण लागला की लगेच करायला घ्या.