रेझिस्टर दोनदा जळाला, दोष मोटरचा निघाला: नवी ब्लोअर मोटर, आठ महिन्यांनंतर

गाडी २०१३ ची हॅचबॅक, साधा नॉबवाला एसी, मुक्काम सातारा. गेल्या ऑगस्टमध्ये ब्लोअरची, म्हणजे केबिनमध्ये वारा फेकणाऱ्या पंख्याची, मोटर बदलली. पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा, थंडी आणि आताचा एप्रिल, एवढं सगळं तिने काढलं, म्हणून आता लिहितोय. मोटर कशी निघाली ते सांगतोच, पण आधी तिच्यापर्यंत पोचायला मी किती वळसे घेतले ते ऐका.

मागच्या मे महिन्यात ब्लोअरच्या नॉबचे १, २, ३ नंबर बंद पडले. ४ वर टाकलं की वारा एकदम जोरात. एसीवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, रेझिस्टर गेला. त्याचं बरोबरच होतं. पहिल्या तीन स्पीडला करंट रेझिस्टरच्या तारांतून अडखळत जातो, चौथ्याला थेट. त्यामुळे नुसता फुल स्पीड चालत असेल तर फ्यूज आणि रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बदलत बसायचं कारण नाही. सहाशे रुपयांत काम झालं.

पाच आठवड्यांनी पुन्हा तेच. "लोकल माल होता दादा, आता ओरिजिनल टाकू." टाकला. तो जुलैत खंबाटकी घाटात, भर पावसात गेला, आणि या वेळी रेझिस्टरचा कपलरही (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) वितळल्यामुळे ४ नंबरसुद्धा बंद. काच आतून धुरकट झाली. मी गाडी हाकतोय आणि बायको टॉवेलने काच पुसतेय. घरी पोचेपर्यंत मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तिसरा रेझिस्टर आणण्याआधी एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेला एक मित्र म्हणाला, करंट मोज. माझा स्वस्तातला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) गाडीत शून्यच दाखवायचा, कारण तो फक्त घरच्या विजेचा एसी करंट मोजतो (हा एसी वेगळा). गाडीला डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. मित्राचा आणला, कपलर नवा जोडला, एक चालू रेझिस्टर तात्पुरता बसवला. इंजिन चालू, तिसऱ्या स्पीडला १५ अँपिअर. त्याच मॉडेलच्या शेजाऱ्यांच्या गाडीत १० च्या आसपास. करंट दीडपट झाला की रेझिस्टरमधली उष्णता सव्वादोन पट होते. तो बिचारा जळणार नाही तर काय! फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. फ्यूज ३० चा, मोटर फुलवर २१ खात होती. फ्यूज वायरिंग सांभाळतो, आजारी मोटर ओळखणं त्याचं काम नाही.

ग्लोव्हबॉक्स उतरवून तीन स्क्रू काढले आणि मोटर हातात आली. पिंजऱ्यासारखा पंखा बोटाने फिरवला तर जड, अर्ध्या फेऱ्यात थांबला. बुश (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या बांगड्या) घासलेले, आणि आत मूठभर गुलमोहराचा पाला. आमच्या मॉडेलला कंपनीने केबिन फिल्टर दिलेलाच नाही, आणि गुलमोहराची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून सहज आत जातात. हा कचरा दुहेरी घात करतो: पंखा जड होतो, शिवाय रेझिस्टर त्याच वाऱ्यावर थंड होत असल्याने वारा घटला की तोही तापतो.

तुमचा ब्लोअर सगळ्याच स्पीडला बंद असेल तर क्रम वेगळा. आधी फ्यूज, मग नॉब फुलवर ठेवून मोटरच्या कपलरच्या दोन पिनांत टेस्ट लॅम्प. लॅम्प लख्ख पेटला तर मोटर गेली. नाही पेटला तर रिले, स्विच, अर्थिंग असं मागे जात राहा. मोटरवर हलका ठोसा मारल्यावर ती सुरू झाली तर बहुधा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत, पण त्या ठोशावर महिना काढू नका. वारा सुरुवातीला छान आणि अर्ध्या तासाने नुसती फुंकर, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, मोटरला हात लावू नका.

आता नव्या मोटरबद्दल. गाडीच्या कंपनीची नाही, बाहेरच्या बनावटीची घेतली, साधारण अडीच हजार. तिसऱ्या स्पीडला १० अँपिअर. तिसरा रेझिस्टर अजून शाबूत आहे, कपलर हाताला कोमट लागतो, बस. डिसेंबरात महाबळेश्वरला हीटर लावला तेव्हाही वारा भरपूर होता. हीटरलाही हाच पंखा. तक्रार एकच, पहिल्या स्पीडला जुनीपेक्षा जास्त घुमते. गाणी बंद असली की कळतं. सुरुवातीला तापल्याचा वासही यायचा, पण त्यात चूक बसवणाऱ्याची: मोटरला हवा देणारी छोटी रबरी नळी त्याने ग्लोव्हबॉक्समागे तशीच लोंबत सोडली होती. मी ती लावली, वास गेला.

जाळीवर आतून बारीक स्टीलची जाळी चिकटवलीय आणि गाडी गुलमोहराखालून हलवलीय. तिथे आता शेजाऱ्यांची उभी असते, त्यांना सांगून झालं. गेल्या आठवड्यात सकाळी ब्लोअर सुरू करताना दोन सेकंद चिवचिव ऐकू आली. ग्लोव्हबॉक्सच्या आत पेन्सिलने "१० अँ." लिहून ठेवलंय, मित्राचा क्लॅम्प रविवारी येतोय.