ध्वनी, शब्द आणि व्याकरणाच्या चार सराव पुस्तिका: नातीबरोबरचे नऊ महिने

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी पाच ते सव्वापाच हा वेळ गेल्या जूनपासून इंग्रजी वाचनासाठी राखून ठेवलेला आहे. नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. तिचे आईवडील दोघेही नोकरीसाठी मुंबईला जातात, त्यामुळे हे काम साहजिकच माझ्याकडे आले. शाळा सुरू होण्याच्या सुमारास मी गोखले रस्त्यावरच्या एका दुकानातून चार सराव पुस्तिकांचा संच आणला. पहिली पुस्तिका अक्षरांच्या ध्वनींची, दुसरी वाचनाची, तिसरी शब्दसंग्रहाची आणि चौथी व्याकरणाची. किंमत 720 रुपये. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्याच दुकानात चाळून पाहिलेल्या इतर संचांची घडणही फारशी वेगळी नव्हती.

पहिली पुस्तिका सर्वांत चांगली आहे. ती ए, बी, सी, डी या क्रमाने न जाता एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरू होते. एवढ्या अक्षरांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिप, टिन असे पुष्कळ शब्द जुळवता येतात, आणि त्यामुळे पंधरवड्याच्या आतच मुलाला आपण खरोखर काहीतरी वाचत आहोत असे वाटू लागते. मात्र तेथेच आमची गाडी अडली. 'ध्वनी शुद्ध उच्चारा' अशी सूचना प्रत्येक पानावर आहे, पण शुद्ध म्हणजे कसा, हे कोठेही सांगितलेले नाही. नात सी या अक्षराचा ध्वनी 'क' असा म्हणे आणि टीचा 'ट'. मग 'क, ॲ, ट' असे कितीही भरभर म्हटले तरी तिला त्यातून 'कॅट' हा शब्द ऐकू येईना. आपल्या व्यंजनात अ मिसळलेला असतो आणि इंग्रजी ध्वनी जुळवताना नेमका तोच आड येतो, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पाटीवर पाय मोडलेला क् काढला, पुढे ॲ आणि त्यापुढे पाय मोडलेला ट्. तिने ते एका दमात वाचले आणि विचारले, "आजोबा, इंग्रजीतली सगळी अक्षरं लंगडी असतात का?" स्वर सोडून बाकीची असतात, असे सांगितले. त्यानंतर तीन अक्षरी शब्दांसाठी तिला माझी गरज उरली नाही.

हा प्रसंग सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, माझ्या मते या संचाचा मोठा दोष त्यात दिसतो. मूल या पुस्तकांकडे येताना एक भाषा आणि एक लिपी बरोबर घेऊन येते, याचा विचार चारही पुस्तिकांत कोठे केलेला दिसत नाही. मराठी मुलाला 'पेन' आणि 'पॅन' यांतला फरक शिकवण्यासाठी चार पाने खर्च करण्याची गरज नाही, कारण ए आणि ॲ या दोन्ही स्वरांची त्याच्या कानाला सवय असते. उलट व्ही आणि डब्ल्यू या दोघांसाठी आपल्या तोंडात एकच 'व' असल्यामुळे तेथे चार पाने हवी होती. त्यांना मिळाले आहे अर्धे पान. ते अर्धे पान मात्र चांगले आहे, हे मान्य केले पाहिजे. वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले आणि ओठांचा चंबू केलेला अशी दोन चित्रे त्यात आहेत, आणि ती पाहून आरशासमोर 'व्हेट' व 'वेट' म्हणण्याचा खेळ आमच्याकडे अजूनही चालतो.

दुसऱ्या पुस्तिकेत शेवटच्या मुक्या ई अक्षराचा नियम येतो, ज्याला शाळेत 'मॅजिक ई' म्हणतात: टॅपचे टेप होते, पिनचे पाइन होते. हा नियम नातीला इतका आवडला की रस्त्यावरची एकही पाटी तिच्या तावडीतून सुटेना. डोंबिवलीला जाण्यासाठी ठाणे स्थानकावर उभे असताना तिने इंग्रजी पाटीवरचे टी, एच, ए, एन, ई असे एकेक अक्षर पाहिले आणि मोठ्याने 'थेन' असे वाचले. शेजारचे प्रवासी हसले, पण शिकलेल्या नियमांप्रमाणे तिचे वाचन अचूक होते. रोमन लिपीत ठ नाही, ळ नाही, आणि आपल्या गावांची नावे त्या लिपीत वाचताना इंग्रजीचे नियम बाजूला ठेवावे लागतात, हे मग कळवा येईपर्यंत समजावून सांगितले.

नियमात न बसणारे 'सेड', 'वॉज', 'वन' यांसारखे शब्द निराळ्या पत्त्यांवर छापलेले आहेत आणि ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. पत्ते जाड पुठ्ठ्याचे असून नऊ महिने टिकले. बक्षिसाच्या चिकटचित्रांचा डिंक मात्र ठाण्याच्या पावसाळ्यात जुलैअखेरीसच निकामी झाला. ध्वनी ऐकण्यासाठी दिलेला क्यूआर कोड उघडतो, परंतु त्यातील अमेरिकी आवाज 'वॉटर' असा म्हणतो की मुलाला त्यात ट ऐकू येत नाही. आम्ही तो दोनदा ऐकून सोडून दिला.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात दुसरीच्या मुलांसाठी अर्थ समजून मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचण्याचे लक्ष्य ठेवलेले आहे. ते मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेसाठी आहे. एक अंदाज असावा म्हणून दर महिन्याच्या अखेरीस घड्याळ लावून मी दुसऱ्या पुस्तिकेतला न वाचलेला उतारा तिच्याकडून वाचून घेतला. जूनमध्ये 14 शब्द झाले होते, फेब्रुवारीत 43 झाले. या वाढीतला शाळेचा वाटा किती आणि पुस्तिकांचा किती, हे वेगळे काढता येणार नाही.

वेग वाढला तसा तिसऱ्या पुस्तिकेचा उणेपणा उघडा पडला. गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी 1986 साली मांडले की वाचन हा अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. म्हणजे एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्यच येते. नात 'रग', 'मॉप', 'ऑक्स' हे शब्द अडखळल्याशिवाय वाचत होती आणि अर्थ विचारला की माझ्या तोंडाकडे पाहत होती. सतरंजी आणि बैल तिला उत्तम ठाऊक आहेत. मराठी प्रतिशब्द शेजारी दिला असता तर काम झाले असते. त्याऐवजी इग्लू आणि याकची रंगीत चित्रे आहेत. ही पुस्तिका आम्ही ऑक्टोबरमध्ये बंद केली आणि ते दिवस प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील विनामूल्य गोष्टींना दिले. तेथे एकच गोष्ट अनेकदा मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्हीकडे सापडते. आधी मराठीत वाचून घेतली की इंग्रजीतले अनोळखी शब्द ती स्वतःच ओळखू लागली.

चौथ्या पुस्तिकेविषयी थोडक्यात लिहितो. 'ए' की 'ॲन' हे पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून ठरवावे, असे तिच्यात शिकवले आहे. ते वास्तविक ध्वनीवरून ठरते, म्हणून 'ॲन आवर' आणि 'ए युनिफॉर्म' हे बरोबर. पुस्तिकेच्या उत्तरसूचीत चक्क 'ॲन युनिफॉर्म' छापलेले आहे. ज्या संचाची पहिली पुस्तिका ध्वनींवर उभी आहे, त्याच्याच चौथ्या पुस्तिकेने ध्वनी विसरावेत, हे मला खटकले. मोडक्या खुर्चीबद्दल नातीने 'शी इज ब्रोकन' असे लिहिले, कारण मराठीत खुर्ची ही 'ती' असते. असल्या चुकांवर या पुस्तिकेत एकही प्रश्न नाही.

सगळी पाने आम्ही शिसपेन्सिलीने सोडवली होती. मार्चमध्ये पहिल्या दोन पुस्तिका खोडरबराने स्वच्छ करून पत्त्यांसह कळव्याच्या भाचीच्या मुलासाठी दिल्या, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पाय मोडलेला क् काढून ठेवला. चौथीबद्दल भाचीने विचारले, तेव्हा ती सापडत नाही असे मी सांगितले.