कमी दिवसांच्या बाळाचं पोट: प्रोबायोटिक, लॅक्टोफेरिन की फॉर्टिफायर?

बाळ अजून काचेत आहे, नळीने दूध सुरू झालंय आणि 'पोटासाठी' काय द्यायचं हा प्रश्न समोर आलाय. आधी दूध कोणतं ते ठरवा, पुड्या आणि थेंब नंतर.

या बाळांच्या आतड्याची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस, थोडक्यात एनईसी. आतडं सुजतं, त्याचा भाग मरतो, कधी फाटतो. आईचं दूध पुरत नसेल तर मिल्क बँकेतलं, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं पाश्चराइज्ड दूध, की फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं दूध? फॉर्म्युल्यावर वजन लवकर वाढतं, पण एनईसीचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसतं. वजन मागाहूनही भरून काढता येतं, म्हणून माझं मत मिल्क बँकेच्या बाजूने.

फॉर्टिफायर म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारं पूरक, त्याचं काम वेगळं. दीड किलोच्या आतल्या बाळाला रोज किलोमागे साधारण ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिनं लागतात, शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फरस. नुसत्या आईच्या दुधातून हे भागत नाही, म्हणून फॉर्टिफायर दुधात मिसळतात. फायदा वाढीला आणि हाडांना. आतड्याचं रक्षण त्याने होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. लोह आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर वेळेवर सुरू करतातच. त्यात निवडण्यासारखं फारसं काही नाही.

खरा पेच प्रोबायोटिकचा, म्हणजे आतड्यासाठी चांगले मानले जाणारे जिवाणू देण्याचा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या प्रोप्रेम्स चाचणीत तीन जिवाणूंचं मिश्रण दिलेल्या बाळांत एनईसी २ टक्के, न दिलेल्यांत ४.४ टक्के. इंग्लंडमधल्या पिप्स चाचणीत १३१५ बाळं होती, जिवाणू एकच, बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह. फायदा दिसला नाही. त्यामुळे 'प्रोबायोटिक चांगलं का?' या प्रश्नाला तसा अर्थ नाही. कोणता स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा नेमका कोणता उपप्रकार, ते विचारा.

दुसरी बाजूही आहे. हे जिवंत जिवाणू असतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, इशारा दिला: एक किलोपेक्षा कमी वजनाच्या एका बाळाला दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच जिवाणू रक्तात पसरला आणि बाळ दगावलं. असे प्रकार क्वचित होतात. तरीही बाळ एक किलोच्या आत असेल तर मी जास्त सावध राहीन. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सरसकट वापराला पाठिंबा देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आईच्या दुधावरच्या, ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी विचार करायला हरकत नाही म्हणते.

आणखी एक गंमत: पिप्समध्ये ज्यांना प्रोबायोटिक दिलंच नव्हतं, अशा बऱ्याच बाळांच्या शीमध्येही तो जिवाणू सापडला. एका पाळण्यातून दुसऱ्यात जिवाणू जातात, म्हणजे हा निर्णय एकट्या तुमच्या बाळापुरता राहत नाही. एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) ठरलेलं धोरण काय, तिथे एनईसी किती होतो, उत्पादनाची शुद्धता कोण तपासतं, हे स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर नको म्हणायला हरकत नाही.

लॅक्टोफेरिन हे दुधातलं एक प्रथिन, त्यावर फार वेळ घालवू नका. ब्रिटनच्या एल्फिन चाचणीत २२०३ बाळांत गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन देऊनही जंतुसंसर्ग घटला नाही.

आणि दुकानातून स्वतः आणलेले थेंब, नातेवाइकांनी कितीही आग्रह केला तरी, नर्सला न विचारता बाळाच्या तोंडाला लावू नका.