कॅमेऱ्याच्या फ्रेमसाठी एममॅप की डीएमए-बफ?

लिनक्सवर कॅमेऱ्याचं ॲप लिहिणारे बरेच जण इथेच अडतात: कॅमेऱ्याच्या फ्रेम घ्यायला एममॅप (mmap) वापरायचं की डीएमए-बफ (dma-buf)? आधी हिशोब बघा: १९२० बाय १०८० ची वाययूवायव्ही (YUYV, रंग साठवायची एक पद्धत) फ्रेम, पिक्सेलला २ बाइट, म्हणजे ४१,४७,२०० बाइट. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका कॉपीमागे १२ कोटींहून जास्त बाइट दर सेकंदाला हलतात. साध्या रीड कॉलमध्ये (ॲप कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, डेटा आपल्या मेमरीत मागून घेतं ती पद्धत) ही कॉपी होतेच, म्हणून तो बादच.

कॉपी: एममॅपमध्ये कर्नलने घेतलेली मेमरी थेट ॲपच्या पत्त्यांवर दिसते, कॉपी नाही. पण तीच फ्रेम पडद्यावर किंवा एन्कोडरला (व्हिडिओ लहान आकारात बांधणाऱ्या भागाला) द्यायची झाली की बहुधा कॉपी परत येते. डीएमए-बफमध्ये बफरला (फ्रेम ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्याला) फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे ओळखीचा एक क्रमांक, मिळतो. तो पुढच्या ड्रायव्हरला दिला की झालं. प्रोसेसरने पिक्सेलला हातही लावायचा नाही. २०१२ मध्ये कर्नल ३.३ मध्ये ही सोय आली ती यासाठीच.

मेहनत: एममॅप सरळ आहे. बफर मागा, मॅप करा, रांगेत लावा, भरला की काढा. डीएमए-बफमध्ये स्ट्राइड (मेमरीत एका ओळीला लागणारे बाइट), पिक्सेल फॉरमॅट दोन्ही उपकरणांना मान्य हवेत. प्रोसेसरने वाचायचं असेल तर आधी-नंतर सिंक आयोक्टल (कॅश आणि मेमरी जुळवून घेणारा कर्नलचा कॉल) हवाच. तो विसरला की काही हार्डवेअरवर प्रोसेसरच्या कॅशमधले जुने पिक्सेल पट्ट्यांसारखे दिसतात, आणि दोष शोधताना नाकी नऊ येतात.

पिक्सेल स्वतः वाचून प्रक्रिया करायची असेल तर एममॅप घ्या. कॅमेरा ते एन्कोडर किंवा पडदा अशी नळी असेल तर डीएमए-बफच. एममॅपने सुरुवात केली असली तरी ड्रायव्हर साथ देत असेल तर तेच बफर एक्स्पबफ कॉलने (तो त्यांना डीएमए-बफचा फाइल डिस्क्रिप्टर मिळवून देतो) पुढे देता येतात.