जॉन्सन की निक्सन: घरचं खातं, बाहेरचं खातं

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि त्यांच्यानंतर आलेले रिचर्ड निक्सन: देशांतर्गत आणि परराष्ट्र कामगिरीत कोण सरस? जॉन्सन यांचं देशांतर्गत पारडं निर्विवाद जड. वर्णभेदाविरुद्धचा 1964 चा नागरी हक्क कायदा विरोधकांनी सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) लांबलचक भाषणं करून अडवून धरला होता. चर्चेचं गुऱ्हाळ थांबवायला 67 मतं हवी होती, मिळाली 71. पुढच्याच वर्षी मतदान हक्क, मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आणि देशवार कोटा मोडणारा स्थलांतर कायदा. मराठी इंजिनिअर-डॉक्टर अमेरिकेत गेले ते याच वाटेनं. पण व्हिएतनाममधले 1964 अखेरचे सुमारे 23 हजार सैनिक 1968 मध्ये 5 लाखांवर गेले, आणि त्या खर्चानं त्यांच्याच गरिबीविरोधी योजनांचा घास काढून घेतला. म्हणजे दोन खाती वेगळी ठेवणं तितकंसं जमत नाही.

निक्सन वरवर उलटे, म्हणजे बाहेरचं खातं जड. फेब्रुवारी 1972 मध्ये बीजिंगचा दौरा, मे महिन्यात मॉस्कोत शस्त्रकरार. मात्र बीजिंगचा रस्ता पाकिस्तानमार्गे गेला. 1971 च्या भारत-पाक युद्धात बंगालच्या उपसागरात आलेला अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा ताफा आपल्याकडे कोण विसरेल? घरच्या खात्यात मोजणारे हमखास फसतात: पर्यावरण संरक्षण संस्था त्यांची खरी, पण 1972 चा स्वच्छ पाणी कायदा त्यांचा नकाराधिकार डावलून झाला. 90 दिवसांची म्हणून आणलेली किमतींची गोठवणी वेगवेगळ्या रूपांत 1974 पर्यंत रेंगाळली. ज्या प्रकरणानं त्यांना राजीनामा द्यावा लागला, ते वॉटरगेट तर वेगळंच.