सोसायटीच्या डीजीवरचा धूर-फिल्टर: २० टक्के लोडवर चोंदणारच

जुन्या डिझेल जनरेटरच्या एक्झॉस्टमध्ये बसवायचा हा फिल्टर विक्रेत्यांच्या भाषेत 'आरईसीडी'. दिल्ली-एनसीआरमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून बऱ्याच डीजींना हा किंवा गॅस-डिझेल किट सक्तीचं झालं. आपल्याकडच्या कमिटीने कोटेशन मागवण्याआधी मात्र एकच आकडा काढावा: लाइट गेल्यावर डीजीवर प्रत्यक्ष लोड किती येतो?

फिल्टरच्या नेहमीच्या प्रकारात, डब्यात आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (धुरातले न जळलेले वायू जाळायला मदत करणारा थर) असतो, त्याच्या मागे सिरॅमिकची जाळी. जाळीत अडकलेली काजळी एक्झॉस्टच्याच उष्णतेने जळून जाते, पण त्यासाठी साधारण ३०० ते ३५० अंश तापमान लागतं. १२५ केव्हीएचा डीजी म्हणजे १०० किलोवॉट. त्यावर चालतं काय, तर दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. सगळं मिळून २० किलोवॉटही होत नाही. एवढ्याशा लोडवर एक्झॉस्ट बऱ्याचदा २५० अंशांच्या आतच राहतो. काजळी जळत नाही, नुसती साठत जाते. बॅक प्रेशर, म्हणजे धूर अडल्याने इंजिनावर येणारा उलटा दाब, वाढतं, इंजिन धापा टाकतं, डिझेल जास्त पितं आणि ऐन उन्हाळ्यात तापून बंद पडतं. मग एखादा फिटर जाळीच काढून ठेवतो. बाहेरून डबा तसाच चकचकीत दिसतो!

सायलेन्सरच्या फ्लँजमधून (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडातून) काळा, तेलकट चिकटा ओघळून खालच्या फरशीवर डाग पडला असेल, तर तुमचा डीजी कमी लोडवरच चालतो आहे असं समजा. न जळलेलं डिझेल आणि ऑइल तिथून बाहेर येतं. अशा मशीनवर जाळी बसवू नये. दर शनिवारी दहा मिनिटं रिकामा डीजी चालवून बघण्याची पद्धतही आधी बंद करावी. त्याऐवजी महिन्यातून एकदा अर्धा तास भरपूर लोड देऊन चालवावा. सोसायटीत तेवढा लोड नसेल, तर सर्व्हिसवाल्याकडून लोड बँक, म्हणजे डीजीला खोटा लोड देणारं यंत्र, मागवावी.

कमी लोडच्या ठिकाणी विद्युत क्षेत्राने काजळी ओढून घेणारा प्रकार बरा. त्याला उष्णतेची गरज नसते आणि बॅक प्रेशरही फारसं वाढत नाही. पण साठलेली काजळी ठरलेल्या तासांनी काढावीच लागते. ती कॉम्प्रेसरने फुंकू नये, पाण्याने धुऊ नये; काळं पाणी थेट पावसाळी गटारात जातं. बंद पिशवीत भरून परत नेण्याची अट एएमसीत लिहून घ्या. ज्या हॉस्पिटलात किंवा ऑफिसात डीजीवर निम्म्याहून जास्त लोड असतो, तिथे जाळीचा प्रकार चांगला चालतो. फक्त ऑइल कमी राखेचं वापरा, कारण काजळी जळते, राख जळत नाही.

आता अपेक्षा किती ठेवायची? मंजुरीसाठी आरईसीडीने किमान ७० टक्के काजळी अडवावी लागते. सीपीसीबी-२, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या निकषांत, एवढ्या इंजिनाला काजळीची मर्यादा आहे किलोवॉट-तासाला ०.२० ग्रॅम. ७० टक्के अडली तर उरते ०.०६. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४+ मध्ये १०० किलोवॉटच्या आसपासच्या इंजिनाला मर्यादा ०.०२ आहे. म्हणजे डबा लावूनही जुना डीजी नव्याच्या तिप्पट काजळी सोडू शकतो. नायट्रोजन ऑक्साइड तर तो जवळजवळ कमीच करत नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षं जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनावर हा खर्च करू नये.

बसवून घेताना डब्याच्या आधी बॅक प्रेशरचं गेज हवंच, आणि ते वॉचमनला दिसेल अशा जागी हवं. इंजिनच्या डेटाशीटमधल्या मर्यादेवर लाल खूण करून ठेवा. धुराचा नमुना घ्यायला पाइपला झाकणाचं भोक आधीच ठेवा. नाहीतर नंतर गॅस-कटर लावायची वेळ येते. इंजिनाच्या टर्बोपासून डब्यापर्यंतच्या पाइपला रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारी खनिज लोकर) गुंडाळून वर पत्रा मारा, नाहीतर उष्णता वाटेतच जाते.

धुराड्याची उंची मात्र डबा लावला म्हणून कमी करू नका. नियम असा: इमारतीच्या उंचीवर आणखी ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. १२५ केव्हीएला गच्चीच्या वर सव्वादोन मीटर. पाइप पार्किंगच्या भिंतीतून आडवा काढला असेल, तर उरलेला धूर पहिल्या मजल्याच्या खिडकीतच जातो, वर डबा कितीही महागाचा असो.